जुलाबात प्रोबायोटिक: किती, कधी, कुणाला द्यायचं आणि कुणाला मुळीच नाही

पावसाळा सुरू झाला की मेडिकलच्या दुकानात एक मागणी रोज कानावर पडते: "पोट बिघडलंय, काहीतरी द्या." मग पिशवीत एखादी अँटिबायोटिकची पट्टी पडते, जुलाब बंद करणारी गोळी पडते आणि सोबत प्रोबायोटिकच्या, म्हणजे आतड्याला उपयोगी समजल्या जाणाऱ्या जिवंत जिवाणूंच्या किंवा यीस्टच्या, कुप्या किंवा पुड्या. जलसंजीवनीचं, म्हणजे ओआरएसचं पाकीट मात्र बहुतेकदा मागितलं तरच मिळतं. माझा आक्षेप या क्रमाला आहे. प्रोबायोटिक वाईट नाही. काही ठिकाणी त्याचा चांगला उपयोग होतो. पण "जिवाणू चांगलेच असतात, घेतलं तर कुठे बिघडलं" या समजुतीवर ते घेतलं जातं. त्यामुळे अनेकांना ते निरुपयोगी मात्रेत मिळतं, आणि ज्या मोजक्या लोकांना ते खरंच घातक ठरू शकतं त्यांनाही कुणी थांबवत नाही.

जुलाबाने माणूस दगावतो तो शरीरातलं पाणी आणि क्षार गेल्यामुळे. प्रोबायोटिक हे पाणी भरून काढत नाही. म्हणून आधी जलसंजीवनी, लहान मुलांना तिच्या जोडीला झिंक, आणि मग जमलं तर प्रोबायोटिक.

जलसंजीवनी नीट करणं

१ लिटरच्या पाकिटात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असतं, एकूण २०.५ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००२ साली हे प्रमाण ठरवून दिलं. आतड्याच्या भिंतीतून सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत जातात आणि त्यांच्यामागे पाणी ओढलं जातं. हे दोन्ही ठरावीक प्रमाणात असतील तरच काम होतं. म्हणून १ लिटरचं पाकीट पेलाभर पाण्यात कालवू नका. असं द्रावण इतकं खारट होतं की बाळाच्या रक्तातलं सोडियम वाढू शकतं. अंदाजाने चौथाई पुडी काढणंही चुकीचं. एकाच लहान मुलासाठी हवं असेल तर २०० मिलीची छोटी पाकिटं आणा. एकदा कालवलेलं पाणी २४ तासांनंतर फेकून द्या. त्यात वरून साखर, सरबत किंवा फळांचा रस घालू नका.

पाकीट हाताशी नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात सपाट केलेले ६ चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घाला. चमचा चहाचाच हवा आणि मीठ मोजताना चमच्यावर उंचवटा नको. हे तात्पुरतं. पाकीट मिळालं की तेच वापरा.

दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली द्या, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिली, आणि त्यापुढच्यांना जेवढं पिववेल तेवढं. डोळे खोल गेलेत, तहान फार लागली आहे, पोटावरचा चिमटा सोडल्यावर कातडी हळूहळू परत बसते आहे, असं दिसलं तर पहिल्या चार तासांत वजनाच्या दर किलोमागे ७५ मिली पाजायचं. म्हणजे १० किलोच्या मुलाला ७५० मिली. हे आरोग्य केंद्रात, देखरेखीखाली झालेलं बरं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि मग मिनिटा-दोन मिनिटांनी चमचा चमचा सुरू करा. बाटलीने घटाघट पाजलं की पुन्हा उलटी होते आणि मग लोक म्हणतात, याला ओआरएस सोसत नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. बरीच वर्षं फळांच्या चवीची गोड पेयं डब्यावर मोठ्या अक्षरात "ओआरएस" छापून विकली जात होती. त्यांच्यातली साखर जुलाब वाढवू शकते, कारण जास्तीची साखर आतड्यात पाणी ओढते. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्याविरुद्ध अनेक वर्षं लढा दिला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, अशा पेयांवर तो शब्द वापरायला मनाई केली. तरीही पाकीट उलटं करून घटक वाचा. वर दिलेले चार घटक त्याच प्रमाणात दिसले पाहिजेत.

झिंकच्या २० मिलिग्रॅमच्या विरघळणाऱ्या गोळ्या मिळतात. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम म्हणजे अर्धी गोळी आणि सहा महिन्यांपुढे २० मिलिग्रॅम, १४ दिवस. गोळी चमचाभर उकळून गार केलेल्या पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून द्यायची.

प्रोबायोटिकने जुलाब थांबतात का?

प्रामाणिक उत्तर असं की पूर्वी वाटत होतं तितके नाही.

कॉक्रेन ही संस्था एकाच विषयावरचे सगळे अभ्यास गोळा करून त्यांचं एकत्रित मोजमाप करते. तिच्या २०१० च्या आढाव्यात ६३ अभ्यास आणि ८,०१४ रुग्ण होते, आणि निष्कर्ष होता की प्रोबायोटिकने जुलाब सरासरी २५ तास आधी थांबतात. त्यानंतरची कित्येक वर्षं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर प्रोबायोटिक आलं ते याच आकड्याच्या आधारावर. मग २०१८ साली उत्तर अमेरिकेतले दोन मोठे, काटेकोर अभ्यास प्रसिद्ध झाले. अमेरिकेत तीन महिने ते चार वर्षांच्या ९७१ मुलांना लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी किंवा हुबेहूब दिसणारी निष्क्रिय पूड देण्यात आली. मात्रा भरघोस होती: १,००० कोटी जिवाणू, दिवसातून दोनदा, पाच दिवस. कॅनडात ८८६ मुलांना वेगळ्या दोन जिवाणूंचं मिश्रण देऊन असाच अभ्यास झाला. दोन्हीकडे फरक दिसला नाही. २०२० साली कॉक्रेनने आढावा नव्याने केला तेव्हा त्यात ८२ अभ्यास आणि १२,१२७ रुग्ण होते. चोख केलेल्या मोठ्या अभ्यासांना वजन दिल्यावर निष्कर्ष बदलला: दोन दिवसांपेक्षा जास्त जुलाब चालणाऱ्यांच्या संख्येत प्रोबायोटिकने बहुधा फारसा फरक पडत नाही. जुन्या आकड्यातला बराचसा फुगवटा लहान, सैल अभ्यासांचा होता.

अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये त्यांच्याकडच्या मुलांना तीव्र जुलाबात प्रोबायोटिक देऊ नये असं सांगितलं. युरोपातल्या बालपोटविकारतज्ज्ञांनी २०२३ मध्ये मोजक्या वाणांपुरती, म्हणजे एकाच जातीतल्या ठरावीक प्रकारांपुरती, दारं उघडी ठेवली, तीही "देता येईल" अशा सौम्य भाषेत: सॅकरोमायसिस बुलार्डी, ऱ्हॅम्नोसस जीजी आणि लॅक्टोबॅसिलस रूटेरी डीएसएम १७९३८. आपल्याकडचं पाणी, कुपोषण आणि जंतू वेगळे आहेत, त्यामुळे कॅनडाचा निष्कर्ष मेळघाटाला जसाच्या तसा लावता येत नाही, हे मान्य. पण म्हणून उलटा निष्कर्षही काढता येत नाही. कोलकात्याच्या झोपडवस्तीत एक ते पाच वर्षांच्या साडेतीन हजारांहून जास्त मुलांना १२ आठवडे रोज लॅक्टोबॅसिलस केसाय शिरोटा असलेलं पेय देऊन पाहिलं गेलं. जुलाबाच्या घटना १४ टक्क्यांनी कमी झाल्या. हा परिणाम जुलाब टाळण्याचा आहे, सुरू झालेले थांबवण्याचा नाही, आणि १४ टक्के म्हणजे थोडासाच आहे.

माझं मत सांगायचं तर, एरवी धडधाकट मुलाला किंवा माणसाला पाण्यासारखे जुलाब होत असतील, जलसंजीवनी चालू असेल आणि खिशाला परवडत असेल, तर ठरलेल्या वाणाचं प्रोबायोटिक पाच दिवस द्यायला हरकत नाही. पण पैसे एकाच गोष्टीला पुरणार असतील तर झिंक आणि ओआरएस घ्या. या दोन्ही वस्तू सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.

अँटिबायोटिकमुळे झालेले जुलाब, इथे मात्र पुरावा भक्कम आहे

घसा, कान, छाती यांसाठी अँटिबायोटिक सुरू झालं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोट सुटलं, हे नेहमीचं. औषधाने रोगजंतूंबरोबर आतड्यातले रहिवासी जिवाणूही मरतात. ते जे कर्बोदकं पचवत होते ती तशीच राहतात आणि पाणी ओढतात. हे जुलाब टाळण्यासाठी मुलांवर झालेल्या ३३ अभ्यासांचा, म्हणजे ६,३५२ मुलांचा आढावा २०१९ साली आला. प्रोबायोटिक घेणाऱ्यांत ८ टक्के मुलांना जुलाब झाले, न घेणाऱ्यांत १९ टक्के. नऊ मुलांना दिलं की एकाचे जुलाब टळतात. रोज ५०० कोटी किंवा त्याहून जास्त मात्रा दिली तिथे फायदा आणखी ठळक होता.

पण यात वेळेला महत्त्व आहे. प्रोबायोटिक अँटिबायोटिकच्या पहिल्याच दिवशी, निदान पहिल्या दोन दिवसांत सुरू करावं. पोट सुटल्यावर धावपळ करून आणलं तर टाळायचं काही उरलेलं नसतं. दुसरी गोष्ट अंतराची. लॅक्टोबॅसिलससारखा जिवाणू असेल तर अँटिबायोटिकच्या डोसपासून दोन तास दूर ठेवा, नाहीतर एक औषध दुसऱ्याला मारतं. सॅकरोमायसिस बुलार्डी हा जिवाणू नव्हे, यीस्ट आहे. पावाच्या यीस्टचा तो सख्खा भाऊ. १९२० च्या दशकात आंरी बुलार या फ्रेंच शास्त्रज्ञाने तो इंडोचायनात लिची आणि मँगोस्टीनच्या सालींतून वेगळा केला. तिथले लोक पटकीत या सालींचा काढा पीत, हे त्याने पाहिलं होतं. यीस्टला जिवाणूमारक अँटिबायोटिकचा धक्का लागत नाही, म्हणून अंतराची कटकट नाही. उलट फ्लुकोनॅझोलसारखं बुरशीविरोधी औषध चालू असेल तर ते बुलार्डीला मारून टाकतं. दोन्ही एकत्र घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

अँटिबायोटिकच्याच गोळीत प्रोबायोटिक घातलेल्या, नावापुढे "एलबी" लावलेल्या गोळ्या बाजारात मुबलक आहेत. त्यांच्यावर ६ कोटी बीजाणू (जिवाणूचं कवचातलं, सुप्त रूप) असं छापलेलं बऱ्याचदा दिसतं. अभ्यासांत उपयोगी ठरलेली मात्रा ५०० कोटींच्या घरातली आहे. शिवाय दोन्ही एकाच क्षणी पोटात जातात. अशी गोळी घेतली म्हणजे प्रोबायोटिक घेतलं असं समजू नका.

अँटिबायोटिकचा कोर्स संपला की प्रोबायोटिकही थांबवा. फार तर आठवडाभर पुढे चालवा, महिनोन्‌महिने नको. इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमधल्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये दाखवलं की अँटिबायोटिकनंतर अनेक वाणांचं प्रोबायोटिक घेणाऱ्यांच्या आतड्यात स्वतःचे मूळचे जिवाणू परतायला उलट जास्त वेळ लागला. बाहेरून आणलेले पाहुणे जागा अडवून बसले होते. अभ्यास लहान होता, पण विनाकारण लांबण लावू नये एवढं त्यातून घेता येतं.

रुग्णालयात राहून आलेल्या वयस्कर माणसाला अँटिबायोटिकनंतर ताप, पोटदुखी आणि दिवसातून अनेकदा जुलाब होत असतील तर ते साधे जुलाब नसावेत. क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जंतूची तपासणी करावी लागते. अशा वेळी घरी प्रोबायोटिक देत चार दिवस काढणं धोक्याचं आहे.

डब्यावर काय वाचायचं

जिवाणूचं नाव पूर्ण हवं: कूळ, जात आणि वाण. नुसतं "लॅक्टोबॅसिलस" लिहिलेलं असेल तर ते "आंबा" म्हणण्यासारखं झालं. हापूस की रायवळ हे कळत नाही. ऱ्हॅम्नोससपुढचं "जीजी" हे गॉरबॅक आणि गोल्डिन या दोन शास्त्रज्ञांच्या आडनावांवरून आलेलं वाणाचं नाव आहे. त्याच जातीच्या दुसऱ्या वाणाला हे निष्कर्ष लागू होत नाहीत. २०२० नंतर यातल्या काही कुळांची नावं बदलली, त्यामुळे नव्या डब्यावर लॅक्टिकेसीबॅसिलस ऱ्हॅम्नोसस किंवा लिमोसिलॅक्टोबॅसिलस रूटेरी असं दिसेल. गोंधळून जाऊ नका, वाणाचा क्रमांक तोच असतो. आपल्याकडे "लॅक्टिक ॲसिड बॅसिलस" किंवा "लॅक्टोबॅसिलस स्पोरोजिनिस" म्हणून जे विकलं जातं ते खरं तर बॅसिलस कोॲग्युलन्स आहे, लॅक्टोबॅसिलस नव्हे.

मग आकडा. डब्यावर तो बिलियनमध्ये असतो. १ बिलियन म्हणजे १०० कोटी, हे डोक्यात ठेवलं की हिशोब सोपा होतो. ऱ्हॅम्नोसस जीजी दिवसाला निदान १,००० कोटी, पाच ते सात दिवस. रूटेरी १० ते ४० कोटी, पाच दिवस. बुलार्डीची मात्रा वजनात असते: २५० मिलिग्रॅमची पुडी किंवा कॅप्सूल दिवसातून एकदा ते दोनदा, पाच ते सात दिवस. मुलाला एकदा की दोनदा हे डॉक्टरांना विचारून ठरवा. बॅसिलस क्लॉसीच्या सर्वपरिचित छोट्या कुपीत ५ मिलीमध्ये २०० कोटी बीजाणू असतात. मुलांना दिवसाला एक ते दोन कुप्या, मोठ्यांना दोन ते तीन, विभागून. आता जास्त बीजाणूंच्या कुप्याही निघाल्या आहेत, म्हणून कुप्या मोजण्याआधी लेबलवरचा आकडा बघा. क्लॉसी भारतात धो-धो विकलं जातं, पण त्यामागचा पुरावा बुलार्डी आणि जीजीपेक्षा कच्चा आहे.

हा आकडा कोणत्या दिवशीचा, तेही बघा. "उत्पादनाच्या वेळी" असं लिहिलं असेल तर दुकानात सहा महिने राहिलेल्या डब्यात किती जिवंत उरले याची खात्री नाही. "मुदत संपेपर्यंत" असं लिहिलेलं उत्पादन निवडा. खाद्यपदार्थ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रोबायोटिकमध्ये रोजच्या मात्रेत निदान १० कोटी जिवंत जिवाणू असावेत, असा एफएसएसएआयचा नियम आहे. ही पदार्थाला प्रोबायोटिक म्हणण्याची किमान अट झाली. जुलाबाच्या मात्रेशी तिचा संबंध नाही.

ठेवणं, मिसळणं, पाजणं

बहुतेक चुका इथे होतात. लॅक्टोबॅसिलस आणि बिफिडोबॅक्टेरियम उष्णतेला नाजूक असतात. लेबलवर २ ते ८ अंश लिहिलं असेल तर दुकानदाराने ते कुठून काढून दिलं हे बघा. फळीवरून काढलं तर घेऊ नका, मग घरी आणून फ्रीजमध्ये ठेवून काही उपयोग नाही. नागपूरच्या मे महिन्यात गाडीच्या डिकीत तासभर राहिलेली पट्टीही गेलीच म्हणून समजा. क्लॉसी आणि कोॲग्युलन्स बीजाणूंच्या रूपात असतात, त्यामुळे ते खोलीच्या तापमानात, साधारण ३० अंशांखाली टिकतात. बुलार्डीची कोरडी पूड थंड आणि मुख्य म्हणजे कोरड्या जागी हवी. कॅप्सूलची बाटली फ्रीजमधून काढून उघडीच ओट्यावर ठेवली की आत दमटपणा धरतो आणि पूड वेळेआधी मरते. एक कॅप्सूल काढा, झाकण लावा, लगेच आत ठेवा.

मिसळताना पाणी किंवा दूध कोमट नाही, गारच हवं. गरम दुधात, चहात, वाफाळत्या पेजेत पूड टाकली की बीजाणू सोडले तर बाकी सगळे मरतात. चमचा-दोन चमचे पाण्यात, दह्यात किंवा गार झालेल्या मऊ भातात मिसळा आणि लगेच द्या. लिटरभर जलसंजीवनीत पुडी टाकू नका. मूल सगळं पाणी पीत नाही, त्यामुळे मात्रा अर्धवट जाते, आणि काही पुड्यांत साखरही असते. लॅक्टोबॅसिलसला पोटातल्या आम्लाचा त्रास होतो म्हणून ते जेवणासोबत किंवा जेवणाच्या थोडं आधी दिलेलं बरं. लहान मुलाला अख्खी कॅप्सूल गिळायला लावू नका, घशात अडकते.

क्लॉसीची कुपी आधी हलवायची. आत बारीक कण तरंगताना दिसतात, ते बीजाणूंचे पुंजके असतात, माल खराब झालेला नसतो. उघडलेली कुपी उरवून ठेवू नका. आणि कुपी दिसायला इंजेक्शनच्या ॲम्प्यूलसारखी असली तरी ती फक्त तोंडाने घ्यायची आहे. चुकून टोचल्यामुळे जिवावर बेतणारी ॲलर्जीची प्रतिक्रिया आल्याच्या नोंदी आहेत. घरी रुग्णाची काळजी घेणाऱ्या ताईंना किंवा मावशींना हे तोंडी सांगून ठेवा.

पोटात गॅस धरणं, फुगणं, बुलार्डीने बद्धकोष्ठ होणं, हे किरकोळ त्रास होतात आणि बंद केलं की जातात. दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलासाठी घटकांत दुधाचा अंश किंवा लॅक्टोज आहे का ते वाचा.

दही-ताकाचं काय?

घरचं दही हे उत्तम अन्न आहे, मोजलेलं औषध नाही. विरजणात कोणते जिवाणू आणि किती, हे घरोघरी आणि ऋतूप्रमाणे बदलतं. त्यातले बहुतेक आम्लातून जिवंत पुढे जात नाहीत. पण विषाणूच्या जुलाबात आतड्याच्या आतल्या लवींची टोकं झडतात आणि दुधातली साखर पचवणारं विकर काही दिवस कमी पडतं. दह्यात ती साखर अर्धवट फुटलेली असते, म्हणून दूध सोसत नसतानाही दहीभात, ताकभात सोसतो. हा फायदा खरा आहे. मऊ भात, मुगाची पातळ खिचडी, केळं आणि ताजं ताक चालू ठेवा, उपाशी ठेवू नका. अंगावरचं दूध एकदाही बंद करू नका.

मात्र ताक म्हणजे जलसंजीवनी नव्हे. त्यात ग्लुकोजही नाही आणि मिठाचं प्रमाणही प्रत्येकाच्या हाताचं. जुलाब जोरात असतील तर ताक वरून द्या, ओआरएसच्या जागी नाही. ताकात घातलेलं पाणी उकळलेलं होतं का, हे आधी बघा. गाड्यावरच्या ताकाचा बर्फ हेच कित्येकदा जुलाबाचं मूळ असतं. बाजारातल्या ६५ मिलीच्या प्रोबायोटिक पेयाच्या बाटलीत जिवाणू मोजलेले असतात, ६५० कोटी, पण त्यात साखरही असते आणि तिचा उपयोग तीव्र जुलाबाच्या उपचारासाठी सिद्ध झालेला नाही.

कुणाला देऊ नये

हा भाग नीट वाचा. प्रोबायोटिकमध्ये जिवंत जीव असतात. निरोगी आतड्याची भिंत आणि प्रतिकारशक्ती त्यांना जागेवर ठेवते. ती कमकुवत असेल तर तेच जीव रक्तात उतरतात.

केमोथेरपी चालू असलेले, अवयव किंवा अस्थिमज्जा बदललेले, जास्त मात्रेत स्टेरॉइड घेणारे, अतिदक्षता विभागातले रुग्ण आणि छातीत किंवा मानेत मोठ्या शिरेत नळी असलेले, म्हणजे केमोचा पोर्ट किंवा डायलिसिसची नळी, यांना बुलार्डी देऊ नये. युरोपच्या औषध नियामकांनी २०१७ साली हे स्पष्टपणे निषिद्ध केलं. त्यामागचं कारण लक्षात ठेवण्यासारखं आहे. पुडी फाडली की पूड उडते, हातावर बसते, आणि त्या हाताने नळीला स्पर्श झाला की यीस्ट थेट रक्तात जातं. बुलार्डी न घेतलेल्या, शेजारच्या खाटेवरच्या रुग्णालाही असा संसर्ग झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणून घरात आजोबांना डायलिसिसची नळी असेल आणि नातवाला बुलार्डी चालू असेल तर पुडी दुसऱ्या खोलीत फोडा, साबणाने हात धुवा आणि मग आजोबांजवळ जा. अशा रुग्णाला ताप आला तर डॉक्टरांना बुलार्डीबद्दल जरूर सांगा. प्रयोगशाळेच्या अहवालात ते "सॅकरोमायसिस सेरेव्हिसी" या नावाने येतं आणि सांगितलं नाही तर संबंध लागत नाही.

दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळांना घरी, स्वतःच्या मनाने कोणतंही प्रोबायोटिक नको. २०१४ साली अमेरिकेत अशा एका बाळाला दिलेल्या पुडीत बुरशीची भेसळ निघाली आणि बाळ दगावलं. २०२३ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने अकाली जन्मलेल्या बाळांबाबत पुन्हा इशारा दिला. स्वादुपिंडाच्या तीव्र दाहातही नको. नेदरलँड्समधल्या २९८ रुग्णांच्या अभ्यासात प्रोबायोटिक मिळालेल्यांत १६ टक्के दगावले, न मिळालेल्यांत ६ टक्के. शस्त्रक्रियेने आतडं बरंच कापलेल्यांत काही जिवाणू विशिष्ट लॅक्टिक आम्ल तयार करतात, ते रक्तात साठतं आणि माणूस बरळायला, झोकांड्या खायला लागतो. हृदयाची झडप खराब किंवा कृत्रिम असेल तरीही आधी डॉक्टर, मग पुडी.

कधी घरी थांबू नये

शीतून रक्त, भाताच्या पेजेसारखे सतत जुलाब, थांबत नसलेल्या उलट्या, सहा ते आठ तास लघवी नाही, बाळाची टाळू खोल गेलेली, रडताना डोळ्यांत पाणी नाही, मूल मलूल किंवा झोपाळू, यांपैकी काहीही दिसलं तर प्रोबायोटिकचा विचारही करू नका. दवाखाना गाठा. वाटेत ओआरएस चालू ठेवा. दोन महिन्यांखालचं बाळ असेल तर साध्या जुलाबालाही दाखवा. गरोदर बाई, आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे वयस्क यांनीही थांबू नये. रक्त पडत असेल तर अँटिबायोटिक लागू शकतं, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. पाण्यासारख्या विषाणूजन्य जुलाबात त्याचा काहीच उपयोग नाही. जुलाब बंद करणारी लोपेरामाइडची गोळी लहान मुलांना देऊ नका, आतड्याची हालचाल थांबून पोट फुगतं.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गिलाँ-बारे सिंड्रोमचे, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटून हातपाय लुळे पडण्याच्या आजाराचे, रुग्ण एकदम वाढले होते. अनेकांना आधी जुलाब झाले होते आणि काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जुलाबाचा जिवाणू सापडला. जुलाब बरे होऊन आठ-पंधरा दिवसांनी पायांत मुंग्या, चालताना पाय लटपटणं, जिना चढता न येणं असं काही वाटलं तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. "अशक्तपणा असेल" म्हणून प्रोबायोटिक आणि टॉनिकवर दिवस काढू नका.

आणि शी घट्ट व्हायला लागली की काय बंद करायचं, काय चालू ठेवायचं? प्रोबायोटिक पाचव्या ते सातव्या दिवशी बंद, पट्टी उरली म्हणून संपवायची नाही. ओआरएस शेवटच्या पातळ शीपर्यंत. मूल खेळायला लागल्यावर घरोघरी सगळ्यात आधी झिंक विसरलं जातं, तेच मात्र पूर्ण १४ दिवस. गोळ्यांच्या पट्टीवर पेनाने तारखा लिहून ठेवल्या की विसरत नाही.